कीली घातली, पण किल्ली कुणाकडे?

तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन मी निपाणीहून बेळगावात, शहापूरला आले. कन्नड मला येत नव्हतं म्हटलं तरी चालेल. निपाणीच्या आठवडी बाजारात कानावर पडायचं तेवढंच. पहिल्याच आठवड्यात आम्ही सगळे देवदर्शनाला निघालो, तर शेजारच्या अक्कांनी भिंतीवरून विचारलं, "मनीगे कीली हाकीरेन्री?" मी पर्समधून किल्ली काढून मोठ्या ऐटीत दाखवली. अक्का हसत सुटल्या. मागे वळून बघते तर काय, दाराला कुलूपच नव्हतं! इकडच्या कन्नडात 'कीली' म्हणजे कुलूप आणि आपल्या मराठीत 'किल्ली' म्हणजे चावी, हे मला त्या दिवशी कळलं. हातात किल्ली आहे म्हणजे घर बंद आहे, असं मी धरून चालले होते.

हा किस्सा दोन्ही घरांत अजून सांगितला जातो. पण दोन वर्षांपूर्वी तसाच घोटाळा माझ्या हातून पुन्हा झाला, आणि त्या वेळी कुणी हसलं नाही. या वेळचं दार लाकडाचं नव्हतं, वायफायचं होतं.

विरजणासारखा पासवर्ड

२०२० च्या टाळेबंदीत मुलाचं ऑफिस घरात आलं आणि त्याच्याबरोबर राउटरही आला. जोडणीसाठी आलेल्या मुलाने विचारलं, "काकू, पासवर्ड काय ठेवू?" मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "काकांचा मोबाइल नंबर ठेवतो, लक्षात राहील बघा." सोय झाली. मी तो नंबर एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवला.

त्याच महिन्यात अक्कांच्या नातवंडांची शाळा फोनवर सुरू झाली. दोन मुलं, एक फोन, आणि रोजचा डेटा दुपारपर्यंत संपलेला. नातू भिंतीवरून डोकावून म्हणाला, "काकू, पासवर्ड एन्री?" मी लगेच सांगितला. यात विचार करण्यासारखं होतं तरी काय? त्या भिंतीवरून तीस वर्षं विरजण, कढीपत्ता, गॅसचा जादा सिलिंडर, बाळंतिणीचा डिंक सगळं इकडून तिकडे गेलंय. त्यात हा एक पासवर्ड. विरजण दिल्याने आपलं दही कमी होत नाही, तसंच हे, असं मला वाटलं. त्या दोन मुलांची दोन वर्षांची शाळा आमच्या राउटरवर झाली, याचा मला आजही आनंद आहे.

पण विरजण मागायला माणूस दारात येतो. पासवर्ड मागायला कुणी येत नाही. तो एका फोनमधून दुसऱ्यात आपोआप पसरतो. आताच्या बहुतेक फोनमध्ये जोडलेल्या वायफायचा चौकोनी कोड पडद्यावर दाखवता येतो, समोरच्याने कॅमेरा धरला की झालं. बघता बघता समोरचा टेलर, मागच्या खोलीतले भाडेकरू, गणपतीतल्या मंडळाची पोरं असे सगळेच आमच्या नेटवर आले. मुलगा अधूनमधून कुरकुरायचा, "आई, संध्याकाळी नेट रांगतंय." मी म्हणायची, "असू दे रे, आपलं काय जातंय?"

काय जातंय, ते पुढे कळलं.

दारात पोलीस

एका सकाळी साध्या वेषातले दोन पोलीस दारात आले. बोलणं अगदी अदबीचं होतं. शहरातल्या एका मुलीचे फोटो लावून कुणीतरी तिच्या नावाने खोटं खातं उघडलं होतं आणि त्यावरून नको नको ते लिहिलं होतं. ते खातं ज्या जोडणीवरून चाललं, ती आमच्या ह्यांच्या नावावर होती. तारीख, वेळ, सगळं त्यांच्या कागदावर होतं. रात्रीचे पावणेबारा.

हे शाळेच्या कचेरीतून निवृत्त झालेले. दहाला दिवा मालवणारा माणूस. पोलिसांपुढे ते नुसते म्हणाले, "साहेब, मला फोनवर कन्नडही टाइप करता येत नाही आणि मराठीही." पण कागदावर नाव त्यांचं होतं. मुलाचा फोन आणि लॅपटॉप तपासायला गेला. ठाण्याच्या दोन खेपा झाल्या. गल्लीने ते सगळं पाहिलं.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत पोलिसांपेक्षा मीच वाईट वागले. माझा संशय अक्कांच्या नातवावर गेला. सतरा वर्षांचा मुलगा, आमच्या कट्ट्यावर बसून रात्री उशिरापर्यंत फोन बघायचा. मी तोंडाने काही बोलले नाही. फक्त भिंतीकडे जाणं बंद केलं. आठ-दहा दिवस दुकानातून दह्याची पिशवी आणली. तीस वर्षांत पहिल्यांदा! अक्कांना काय ते समजलं. त्यांनीही काही विचारलं नाही.

शेवटी खातं उघडताना दिलेल्या मोबाइल क्रमांकावरून पोलिसांना माणूस सापडला. मागच्या खोलीत चार महिने राहून गेलेला एक मुलगा होता. आम्ही त्याच्याशी दोन शब्द बोललो नसू. पासवर्ड त्याला कुणाच्या फोनवरून मिळाला, ते अजून माहीत नाही. मी अक्कांकडे गेले. काय बोलावं सुचेना. त्या म्हणाल्या, "इरली बिड्री." आणि वाटीत विरजण घालून दिलं. ती वाटी घेताना मला जेवढी शरम वाटली, तेवढी ठाण्याच्या बाकावरही वाटली नव्हती.

पोलीस आमच्याच दारात का आले?

सूनबाई धारवाडची, व्हीटीयूच्या एका कॉलेजातून इंजिनिअर झालेली. तिने मला समजेल असं सांगितलं. घरात फोन पाच असोत की पंधरा, बाहेरच्या जगाला राउटरचा एकच पत्ता दिसतो. आपल्या वाड्यात दहा बिऱ्हाडं असली तरी पोस्टमनकडे वाड्याचा एकच नंबर असावा, तसं. समाजमाध्यमाची कंपनी पोलिसांना तो पत्ता आणि वेळ देते. त्या वेळी तो पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता, हे इंटरनेट देणारी कंपनी सांगते. पोलीस तिथपर्यंत येतात ते बरोबरच येतात. पुढे वाड्यातलं नेमकं कोणतं बिऱ्हाड, हे सांगणारी वही असेल तर राउटरकडेच असते, आणि घरगुती राउटर अशी वही फार दिवस ठेवत नाहीत.

म्हणजे आपण शेजाऱ्याला नेट देतो तेव्हा नुसतं नेट देत नाही, आपलं नावही देतो. त्या नावाने तो काय करतो, हे आपल्याला कळत नाही.

सानपाड्याचा फ्लॅट

आमचा प्रसंग तसा लहान. पण याच चुकीची फार मोठी किंमत आपल्या महाराष्ट्रात एकाला मोजावी लागली होती. २६ जुलै २००८ च्या संध्याकाळी अहमदाबादेत एकामागून एक बॉम्बस्फोट झाले आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ई-मेल आला होता. तपास करणारे त्याच्या मागावर निघाले ते थेट नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये पोहोचले. तिथे एक अमेरिकन गृहस्थ कुटुंबासह भाड्याने राहत होते. त्यांचं नाव तेव्हा देशभरच्या पेपरांत छापून आलं. इथे ते पुन्हा कशाला घ्या?

त्या गृहस्थांची महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने कसून चौकशी केली, संगणक तपासले. निष्पन्न काय झालं? त्यांच्या वायफायला कुलूप नव्हतं. इमारतीच्या आसपास राहून कुणीही लॅपटॉप उघडावा आणि त्यांच्या नावावर पत्र धाडावं, अशी स्थिती होती. त्यांच्यावर आरोप ठेवला गेला नाही. पण तोवर जगभर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं फाशीपर्यंत नाही गेलं, एवढंच.

पाठोपाठ ऑगस्ट २००८ मध्ये तसाच ई-मेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला. १३ सप्टेंबर २००८ ला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा ई-मेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. तीन ठिकाणं, तीन वेगळे मालक, आणि तिघांपैकी एकालाही आपल्या दारातून कोण आलं-गेलं याचा पत्ता नाही. २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन रस्त्यांवर फिरून उघडी वायफाय शोधण्याची मोहीम जाहीर केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना ग्राहकांची वायफाय सुरक्षित करण्याच्या सूचना दिल्या.

अक्कांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी कन्नडातली म्हण ऐकवली, "ऊरु कोळ्ळे होडेद मेले कोटे बागिलु हाकिदरंते." गाव लुटून झाल्यावर म्हणे किल्ल्याचा दरवाजा लावला!

कुलपं दोन, किल्ल्या दोन

"पण आपल्याला तर पासवर्ड होता," मी सूनबाईला म्हटलं. त्यावर तिने जे सांगितलं, ते बहुतेक घरांत कुणाला ठाऊक नसतं. राउटरला कुलपं दोन असतात.

पहिलं वायफायचं, म्हणजे घरात शिरायचं. याचा पासवर्ड आपण पाहुण्यांना सांगतो. दुसरं राउटरच्या कारभाराचं. त्याने राउटरची सगळी सूत्रं हातात येतात. पासवर्ड बदलणं, कुणाला हाकलणं, नेटचा रस्ताच दुसरीकडे वळवणं, सगळं. कित्येक राउटर कारखान्यातून आले की या दुसऱ्या कुलपाचं नाव 'अॅडमिन' आणि पासवर्डही 'अॅडमिन' असतो, नाहीतर तो तळाच्या लेबलवर छापलेला असतो. जोडणारा माणूस तो क्वचितच बदलतो. आमचाही तसाच होता. म्हणजे दाराला कुलूप घातलं आणि तिजोरीची किल्ली तिजोरीलाच लटकत ठेवली!

२०१६ साली 'मिराई' नावाच्या एका घातक प्रोग्रामने नेमका याचाच फायदा घेतला. कारखान्यातले साठेक ठराविक पासवर्ड एकामागून एक लावून बघायचे, एवढीच त्याची युक्ती. त्यावर जगभरातले लाखो राउटर आणि कॅमेरे त्याने ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यांच्याच जोरावर झालेल्या हल्ल्यात अमेरिकेतल्या कित्येक मोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. त्या लाखो घरमालकांना आपला कॅमेरा या कामाला जुंपला गेलाय याची कल्पनाही नव्हती.

मोबाइल नंबरचं काय, तेही ऐका. ऑक्टोबर २०२१ मध्ये इस्रायलमधल्या एका संशोधकाने तेल अवीव शहरात फिरून पाच हजार वायफायचे संकेत गोळा केले आणि घरी बसून त्यांचे पासवर्ड शोधले. सत्तर टक्क्यांच्या आसपास उघडले. कारण तिथल्या लोकांनाही आपल्यासारखीच मोबाइल नंबर ठेवायची सवय! हिशोब साधा आहे. आपल्याकडे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. पुढचे नऊ आकडे धरले तर सगळे मिळून चारशे कोटी नंबर होतात. आपल्याला हा आकडा प्रचंड वाटतो, पण ताकदवान संगणकाला तेवढे लावून बघायला काही तास पुरतात. वर आमच्या ह्यांचा नंबर तर गल्लीतल्या दूधवाल्यालाही पाठ.

निपाणीला भावाला फोन केला. त्याचा वखारीत राउटर आहे. म्हटलं, "तुझा पासवर्ड काय रे?" तो म्हणाला, "ताई, वखारीचं नाव आणि एक-दोन-तीन. गिऱ्हाइकाला सांगायला सोपं पडतंय की!" त्याच नेटवर त्याचे बँकेचे व्यवहार, त्यावरच कॅमेरे. पुढच्या रविवारी सूनबाईला घेऊन मी माहेरी गेले. चहा होईपर्यंत तिचं काम झालंही होतं.

आज रात्री एवढं करा

वाचकहो, यासाठी इंजिनिअर लागत नाही. घरातला कॉलेजचा मुलगा किंवा मुलगी पुरे. राउटरच्या तळाशी जो पत्ता छापलेला असतो, तो फोनच्या ब्राउझरमध्ये घातला की कारभाराचं पान उघडतं.

तिथे सर्वांत आधी कारभाराचा पासवर्ड बदला. तो कुणालाही सांगू नका, वहीत लिहून कपाटात ठेवा.

मग वायफायचा पासवर्ड बदला. नंबर नको, घराचं नाव नको, जन्मतारीख नको. चार-पाच असंबद्ध शब्द एकत्र जोडा. इथे आपल्या दोन भाषांचा चांगला उपयोग होतो! दोन मराठी, दोन कन्नड शब्द इंग्रजी लिपीत लिहा, मधे एखादा आकडा घाला. आपल्याला लक्षात राहतं, परक्याला ताळमेळ लागत नाही. फक्त रोजच्या म्हणी आणि देवांची नावं टाळा.

तिसरं, सुरक्षेचा प्रकार बघा. तिथे 'डब्ल्यूपीए३' मिळत असेल तर तो घ्या, नाहीतर 'डब्ल्यूपीए२'. फार जुन्या राउटरवर 'डब्ल्यूईपी' लिहिलेलं दिसलं तर तो राउटरच बदला. त्या कुलपातला दोष २००१ सालीच जगजाहीर झाला, आणि २००७ साली जर्मनीतल्या संशोधकांनी ते मिनिटभरात उघडून दाखवलं.

चौथं, 'डब्ल्यूपीएस' नावाची सोय बंद करा. पासवर्ड न घालता बटण दाबून किंवा आठ आकड्यांच्या पिनने जोडण्याची ही युक्ती. २०११ च्या अखेरीस असं उघड झालं की ही पिन दोन तुकड्यांत तपासली जाते आणि जेमतेम अकरा हजार प्रयत्नांत सापडते. चांगलं कुलूप लावून न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवल्यासारखं हे आहे.

पाचवं, राउटरचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा. २०१७ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी 'डब्ल्यूपीए२' मध्येही एक खोट दाखवली होती. त्यावरचा उपाय अशा अपडेटमधूनच मिळाला. आणि जुना राउटर भंगारात किंवा कुणाला द्यायचा असेल, तर मागच्या बारीक छिद्रातलं रिसेटचं बटण दाबून त्यातली सगळी माहिती आधी पुसा.

आणि दुर्दैवाने काही घडलंच, खोटं खातं असो की पैशाची फसवणूक, तर लपवू नका. १९३० या क्रमांकावर फोन करा किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवा. बेळगावात सायबर गुन्ह्यांसाठी वेगळं पोलीस ठाणंही आहे.

मग शेजारधर्माचं काय?

हा प्रश्न मला सर्वांत जड गेला. कुलूप लावायचं म्हणजे अक्कांच्या नातवंडांना बाहेर काढायचं का? ज्या भिंतीवरून तीस वर्षं सगळं दिलं-घेतलं, तिथे पासवर्ड तेवढा नाही म्हणायचं?

सूनबाईने वाट काढली. बऱ्याच राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं, पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय. सोप्यात बसलेला पाहुणा जसा स्वयंपाकघरात येत नाही, तसा त्यावरचा फोन आपल्या घरच्या संगणकापर्यंत, कॅमेऱ्यापर्यंत पोहोचत नाही. त्याचा पासवर्ड कधीही बदलता येतो, घरच्यांना त्रास होत नाही. पण तिने एक गोष्ट मला दोनदा सांगितली. "अत्ती, बाहेरच्या जगाला नाव मामांचंच दिसणार. नेट वेगळं असलं तरी जबाबदारी आपलीच." म्हणून ते कुणाला द्यायचं, ते आपण ठरवायचं. आम्ही दर महिन्याच्या एक तारखेला तो पासवर्ड बदलतो. ज्याला हवा त्याने दारात येऊन मागायचा, विरजणासारखा.

त्या नेटवर्कचं नाव सूनबाईनेच ठेवलं आहे, 'हेप्पु'. कन्नडात विरजणाला हेप्पु म्हणतात, हे आपल्या भागातल्या वाचकांना सांगायला नकोच.

नव्या पासवर्डची पहिली चिठ्ठी घेऊन मी स्वतः अक्कांकडे गेले. नातवाला हाक मारली, त्याच्या हातात दिली आणि त्याची माफी मागितली. तो लाजून म्हणाला, "काकू, मला तर काही माहीतच नाही." अक्कांनी माझ्याकडे बघितलं आणि विषय बदलला. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी नातवाला कधीच काही सांगितलं नव्हतं.